व्हर्नन रॉयल क्रिकेट सोडून पाद्री झाला, असं लिहू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला दिवाळी अंकासाठी व्हर्नन रॉयलवर लेख लिहायचा आहे. १८७९च्या मेलबर्न कसोटीच्या धावफलकात तुम्हाला त्याचं नाव दिसलं, आणि पुढे शोधल्यावर कळलं की ऑक्सफर्डचा हा खेळाडू नंतर पाद्री झाला. इंग्लंडकडून खेळलेल्या माणसाने ऐन पंचविशीत क्रिकेट सोडून चर्चची वाट का धरली, त्याला काही साक्षात्कार झाला होता का, एखादा धक्का बसला होता का, आणि याबद्दलचा मजकूर कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलं आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या क्रिकेटपटूंच्या चरित्रनोंदी लिहिणं आणि इतरांनी लिहिलेल्या तपासणं हे काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, रॉयलने क्रिकेट सोडलंच नाही. लँकशायर या काउंटीच्या, म्हणजे परगण्याच्या संघाकडून तो १८७३ साली पहिल्यांदा खेळला आणि १८९१ पर्यंत अधूनमधून खेळत राहिला. चर्चची दीक्षा त्याने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतली. म्हणजे दीक्षेनंतरही जवळजवळ दशकभर तो लँकशायरसाठी मैदानात उतरत होता. तेव्हा ‘का सोडलं’ या प्रश्नाला उत्तरच नाही. जे घडलं नाही त्याचं कारण शोधायला गेलं की माणूस कारण बनवतो, आणि अशा चरित्रलेखांत नेमकं तेच होतं.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. रॉयलचा जन्म १८५४चा, मृत्यू १९२९चा. पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी सहज सापडतात त्या सगळ्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या आहेत: रॉसल शाळा, ऑक्सफर्डचं ब्रेझनोज कॉलेज, १८७५ आणि १८७६चे केंब्रिजविरुद्धचे सामने, मग ऑस्ट्रेलिया दौरा. उरलेली पन्नास वर्षं ‘पुढे पाद्री झाला’ या तीन शब्दांत संपतात. लिहिणाऱ्याला ती पोकळी खुपते आणि तो तिथे एक मनपरिवर्तन आणून बसवतो. तुमचा लेख चांगला व्हायचा असेल तर ती पन्नास वर्षं भरावी लागतील. ती भरता येतात.

आधी त्या काळची व्यवस्था समजून घेऊ. इंग्लंडमधलं क्रिकेट तेव्हा दोन वर्गांत विभागलेलं होतं. हौशी खेळाडू, म्हणजे सभ्य घरातले ‘जंटलमन’, आणि पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकं अनेक ठिकाणी वेगळी, धावफलकावर नावं छापायची पद्धतसुद्धा वेगळी. विद्यापीठातून आलेला खेळाडू हौशीच असायचा. क्रिकेटवर पोट भरणं त्याच्या वर्गाला शोभणारं मानलं जात नसे. त्यामुळे आज एखाद्या रणजीपटूने बँकेत नोकरी धरली तर आपण ‘करिअर सोडलं’ म्हणतो, तसं रॉयलच्या बाबतीत म्हणता येत नाही. त्याचं क्रिकेट हे करिअर नव्हतंच. पदवी मिळाल्यावर त्याला कुठलातरी व्यवसाय शोधायचाच होता. वकिली, शाळामास्तरकी, सरकारी सेवा, लष्कर आणि चर्च, हेच त्याच्यासारख्यांचे ठरलेले रस्ते होते.

त्यात चर्चचा रस्ता विद्यापीठातून सगळ्यांत सरळ जायचा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही मुळातच इंग्लंडच्या चर्चची विद्यापीठं. १८५४ पर्यंत ऑक्सफर्डमध्ये नाव नोंदवतानाच चर्चच्या एकोणचाळीस धर्मकलमांना मान्यता द्यावी लागत असे. धर्माची अट सर्वसाधारणपणे उठली ती १८७१च्या कायद्याने. बहुतेक कॉलेजांत फेलो, म्हणजे कॉलेजचा मानधन मिळणारा सभासद, म्हणून टिकायचं तर दीक्षा घ्यायची आणि अविवाहित राहायचं, हा दंडक १८७७च्या कायद्यानंतर हळूहळू गेला. रॉयल ब्रेझनोजमध्ये शिकत होता तेव्हा हे बदल नुकते होऊ लागले होते. त्याच्या आधीच्या पिढीतले कितीतरी विद्यापीठ क्रिकेटपटू पाद्री झाले, कारण त्यांच्याबरोबर शिकलेली बरीच मुलंही तेच होत होती. त्यासाठी वेगळा साक्षात्कार लागत नव्हता. श्रद्धा नव्हती असं मी म्हणत नाही, बहुतेकांची असायची. पण ती नाट्यमय नसायची. लहानपणापासून घरात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना ऐकलेल्या मुलाला पाद्री होणं हे घरच्याच वळणाचं वाटे.

वयाचा हिशोबही लक्षात ठेवा. डीकन, म्हणजे दीक्षेची पहिली पायरी, होण्यासाठी किमान वय २३, पूर्ण दीक्षेसाठी २४. पदवी साधारण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. त्यामुळे ‘पंचविशीत एकाएकी चर्चकडे वळला’ असं अनेकांच्या बाबतीत दिसतं, त्यात एकाएकी काहीच नसतं. नियमाप्रमाणे त्याआधी दीक्षा घेताच येत नव्हती.

पाद्र्याच्या उत्पन्नाचं गणित आपल्याला पटकन कळत नाही, म्हणून एक जवळची तुलना देते. इंग्लंडमधलं गावच्या चर्चचं पद हे आपल्याकडच्या वतनासारखं होतं: त्याला राहायला घर, थोडी जमीन आणि गावच्या शेतीतून ठरलेलं उत्पन्न जोडलेलं असायचं, आणि एकदा मिळालं की सहसा आयुष्यभर टिकायचं. ते द्यायचा हक्क कधी जमीनदाराकडे, कधी बिशपकडे, कधी राजाकडे, तर कधी कॉलेजकडे असायचा. तो हक्क विकतही घेता यायचा. ज्याच्या काकाच्या हाती असं पद असेल त्याचा मार्ग मोकळा. ज्याच्याकडे ओळख नाही तो वर्षानुवर्षं ‘क्युरेट’, म्हणजे मदतनीस पाद्री, म्हणून तुटपुंज्या पगारावर राहायचा. शिवाय १८३६च्या कायद्याने शेतीतलं हे उत्पन्न गहू, बार्ली आणि ओट्सच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधलं गेलं होतं. १८७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतलं स्वस्त धान्य येऊ लागलं, भाव पडले आणि त्याबरोबर गावच्या पाद्र्याचं उत्पन्नही उतरलं. रॉयल दीक्षा घेत होता तो काळ नेमका हाच. म्हणून त्याच्या पिढीतल्या पाद्र्यांकडे बघताना गावच्या चर्चइतकंच शाळांकडेही बघावं लागतं. त्याकडे पुढे येते.

इथे एक सांगायला हवं. ‘विद्यापीठ क्रिकेटपटू पाद्री का झाले’ याचं एकच उत्तर नाही, ते माणसागणिक बदलतं. चार्ल्स वर्डस्वर्थचं बघा. कवी विल्यम वर्डस्वर्थचा हा पुतण्या. १८२७ साली ऑक्सफर्ड-केंब्रिज हा पहिला सामना लॉर्ड्सवर घडवून आणण्यात त्याचा मोठा वाटा, आणि त्या सामन्यात केंब्रिजचे सात गडीही त्यानेच टिपले. दोनच वर्षांनी दोन विद्यापीठांमधली पहिली होड्यांची शर्यतही त्याच्याच खटपटीने झाली. वडील केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर, घरात चर्च आणि विद्वत्ता दोन्ही पिढीजात. तो पुढे स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला. त्याच्यासाठी दुसरा रस्ता निवडणं हेच बंड ठरलं असतं. एडवर्ड लिटल्टन हा रॉयलचाच समकालीन. १८७८चा केंब्रिजचा कप्तान, आणि त्याच वर्षी मिडलसेक्सकडून ऑस्ट्रेलियनांविरुद्ध लॉर्ड्सवर ११३ धावा करणारा. तो आधी शिक्षक झाला, मग १८८४ साली त्याने दीक्षेचं पहिलं पाऊल टाकलं. दीक्षित असणं मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक व्हायला तेव्हा जवळजवळ आवश्यकच होतं. तो हेलिबरीचा आणि नंतर ईटनचा मुख्याध्यापक झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनीशी वागतानाही ख्रिस्ती धर्म विसरू नये अशा आशयाचं प्रवचन त्याने दिलं. त्यावर मोठा गदारोळ उठला आणि पुढच्या वर्षी त्याने ईटन सोडलं. दीक्षा शाळेच्या वाटेवरची पायरी म्हणून सुरू झाली असली, तरी किंमत मोजायची वेळ आली तेव्हा तो मागे हटला नाही. म्हणून ‘श्रद्धा की पोटापाणी’ असा सरळ सवाल मी कधी लावत नाही. दोन्ही एकाच माणसात नांदतात.

तुम्ही ज्या प्रकारची गोष्ट शोधताय ती खरोखर घडलेली आहे, पण दुसऱ्याच्या आयुष्यात. चार्ल्स स्टड. ईटन, मग केंब्रिजचं ट्रिनिटी. वडील एडवर्ड स्टड बिहारमध्ये तिरहुतला निळीच्या व्यवसायात गब्बर झाले होते, आणि इंग्लंडला परतल्यावर अमेरिकन प्रवचनकार मूडीची प्रवचनं ऐकून पूर्ण बदलले. किनास्टन, जॉर्ज आणि चार्ल्स हे तिघे भाऊ लागोपाठ तीन वर्षं केंब्रिजचे कप्तान होते: १८८२ला जॉर्ज, १८८३ला चार्ल्स, १८८४ला किनास्टन. १८८२ साली ओव्हलवर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून सात धावांनी हरलं आणि ‘ॲशेस’ची दंतकथा जन्माला आली, त्या डावात चार्ल्स दहाव्या क्रमांकावर आला आणि एकही चेंडू न खेळता नाबाद राहिला. त्याच्या पुढच्या वर्षाच्या, म्हणजे १८८३च्या अखेरीस भाऊ जॉर्ज मरणाच्या दारात होता. त्याच्या उशाशी बसून चार्ल्सला आपल्या कीर्तीचा पोकळपणा जाणवला. १८८५च्या फेब्रुवारीत तो ‘केंब्रिजचे सात’ म्हणून गाजलेल्या गटाबरोबर चीनला निघून गेला. वडिलांकडून मिळालेले सुमारे २९,००० पौंड त्याने वाटून टाकले. त्यातले ५,००० पौंड साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या भारतातल्या कामाला गेले. पुढे १९००पासून काही वर्षं तो उटकमंडला (उटीला) होता, आणि १९३१ साली बेल्जियन काँगोत वारला. इथे खरंखुरं सोडणं आहे, खरा झटका आहे, आणि त्याने स्वतः तो सांगितलेलाही आहे. आणि गंमत अशी की सगळं सोडणाऱ्या या स्टडने इंग्लंडच्या चर्चची दीक्षा कधी घेतलीच नाही. तो मिशनरी होता, गावचा पाद्री नव्हता.

मराठी वाचकासाठी लिहिताना हा फरक लेखात स्पष्ट करा, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याला पाद्री म्हटलं की मिशनरी आठवतो. मुंबईचे विल्सन आठवतात, अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन आठवतं, पुण्याचं पंचहौद आणि १८९० साली तिथे टिळक-रानड्यांनी घेतलेला चहा आठवतो. पंचहौदचे पाद्री ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या धर्मसंघातले होते, तो धागा खरा आहे. पण रॉयल त्या जातीचा नाही. त्याने कोणाला बाटवायचा प्रयत्न केला नाही, समुद्रापार जाऊन धर्मप्रचार केला नाही. बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, रविवारची प्रार्थना आणि शाळेतली मुलं, एवढ्यात त्याचं पाद्रीपण सामावतं. ही चौकट नीट मांडली नाही तर वाचक स्वतःहून चुकीचं चित्र रंगवतो.

आता मेलबर्न. तुमच्या लेखाची सुरुवात बहुधा इथूनच होईल, म्हणून तपशील नेमके देते. २ जानेवारी १८७९. लॉर्ड हॅरिसचा संघ प्रथम फलंदाजीला. आघाडीचे चार गडी भराभर गेलेले. धावसंख्या २६ असताना ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ याने रॉयलचा त्रिफळा उडवला, त्याने ३ केल्या होत्या. पुढच्या चेंडूवर मॅकिनन बाद. त्यापुढच्या चेंडूवर टॉम एमेटचा झेल. २६वर चार बादचं २६वर सात बाद झालं. कसोटी इतिहासातली ही पहिली हॅटट्रिक, आणि तिचा पहिला बळी रॉयल. ॲब्सोलमने ५२ ठोकल्या म्हणून डाव ११३ पर्यंत गेला. दुसऱ्या डावात रॉयलने १८ केल्या. ऑस्ट्रेलियाने दहा गडी राखून सामना जिंकला. स्पॉफर्थचे दोन्ही डावांत मिळून तेरा बळी.

पण ‘इंग्लंडकडून कसोटी खेळला’ हे वाक्य जपून वापरा. हा सामना कसोटी म्हणून नंतरच्या काळात मोजला गेला. त्या दिवशी मैदानात उतरलेल्यांना आपण देशाचा निवडक संघ आहोत असं वाटत नव्हतं. मेलबर्नच्या क्लबने आमंत्रण दिलेला तो हौशी मंडळींचा दौरा होता. गोलंदाजी कमी पडू नये म्हणून यॉर्कशायरचे दोन व्यावसायिक, युलियेट आणि एमेट, बरोबर घेतले होते. अकरांपैकी सात जण ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या संघांतून खेळलेले: हॅरिस, वेब, रॉयल, लुकस, मॅकिनन, ॲब्सोलम, शुल्ट्झ.

या सातांचं पुढे काय झालं ते लेखात जरूर द्या. मला या सामन्यातलं सगळ्यांत बोलकं तेच वाटतं. हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. आपल्याकडच्या शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची, जिच्यात १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. ॲब्सोलम जहाजावर नोकरीला लागला आणि १८८९ साली पोर्ट ऑफ स्पेनला माल चढवताना झालेल्या अपघातात गेला. मॅकिनन आपल्या स्कॉटिश कुळाचा प्रमुख झाला आणि अठ्ठ्याण्णव वर्षं जगला. चर्चमध्ये गेला तो एकटा रॉयल. तेव्हा ‘त्या काळी सगळेच जायचे’ हेही वाक्य १८७९साठी खरं उरत नाही. वाट जुनी होती, मळलेली होती, पण तिच्यावरची वर्दळ आता कमी होत चालली होती. रॉयलची निवड म्हणूनच थोडी वेगळी दिसते. ती समजून घेण्यासाठी झटक्याची गरज नाही, पण त्याला ती स्वतःहून करावीशी वाटली एवढं नक्की.

त्याच दौऱ्यात ८ फेब्रुवारीला सिडनीची दंगल झाली. पंच कोल्टहार्डने यजमानांच्या मर्डकला धावबाद दिलं, प्रेक्षक मैदानात घुसले, हॅरिसला काठी बसली, हॅरिसच्या संघातल्या हॉर्नबीने मारणाऱ्याला धरून ओढत पॅव्हेलियनकडे नेलं आणि त्यात त्याचा सदरा फाटला. दुसरा पंच होता एडमंड बार्टन, जो पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. रॉयलने या दौऱ्यात रोजनिशी ठेवली होती. हुल्लडीची सुरुवात पॅव्हेलियनमधल्या वरच्या वर्गातल्या लोकांपासून झाली, असं त्याने तिच्यात नोंदवलं आहे. गर्दीवर, मजूर वर्गावर सरसकट खापर फोडणं त्याच्या बरोबरच्या कोणालाही सोपं होतं. त्याने ते केलं नाही. त्याच्या स्वभावाचा पुरावा हवा असेल तर मला ही एक नोंद दहा स्तुतिपर मृत्युलेखांपेक्षा मोलाची वाटते.

खेळाडू म्हणून त्याची फलंदाजीची सरासरी पंधराच्या आसपास. आकडे बघून कोणी त्याच्यावर लेख लिहिणार नाही. त्याचं नाव टिकलं ते कव्हर पॉइंटवरच्या क्षेत्ररक्षणामुळे. दोन्ही हातांनी सारखंच अचूक फेकायचा, पायात चपळाई, आणि चेंडू सुटायच्या आत तो कुठे जाणार याचा अंदाज. ऑफला चेंडू ढकलून एक धाव चोरायला निघालेला फलंदाज त्याच्याकडे बघून थबकायचा. यॉर्कशायरच्या एका फलंदाजाने साथीदाराची हाक नाकारत ‘थांब, तिथे पोलिस उभा आहे’ असं म्हटल्याचा किस्सा त्या काळापासून सांगितला जातो. तो वेगवेगळ्या नावांवर चिकटवलेला सापडेल, तेव्हा ‘असं सांगतात’ एवढंच लिहा. पण एक लक्षात घ्या: तेव्हाचे मैदान ओबडधोबड, सीमारेषेपर्यंत चेंडूमागे धावायची रीत, हातमोजे फक्त यष्टिरक्षकाला. अशा काळात नुसत्या क्षेत्ररक्षणासाठी संघात जागा मिळवणारा माणूस विरळाच.

आणि आता ती पन्नास वर्षं. ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर तो एल्स्ट्री इथल्या प्रिपरेटरी शाळेत शिकवायला लागला. ईटन, हॅरो अशा मोठ्या शाळांत पाठवण्याआधी आठ ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तयार करणाऱ्या या निवासी शाळा. शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत त्या झपाट्याने वाढल्या, आणि दीक्षा घेतलेला, विद्यापीठात क्रिकेट खेळलेला तरुण हा अशा शाळांना हवाहवासा मास्तर होता. पालकांना नीतीचीही हमी आणि मैदानाचीही. एल्स्ट्रीत राहूनच रॉयलने दीक्षा घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मिडलसेक्समधल्या स्टॅनमोर पार्क शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. १९२९च्या मे महिन्यात तो गेलाही तिथेच. त्या वर्षी तो लँकशायर क्लबचा अध्यक्ष होता.

या शाळांच्या जगात क्रिकेट किती मुरलेलं होतं याचं एक उदाहरण देते. प्रिपरेटरी शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना १८९२ साली स्थापन झाली, तिला निमित्त झालं लहान मुलांच्या क्रिकेटच्या चेंडूचा आकार किती असावा या चर्चेचं. त्या चर्चेत दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला चेंडू मावतो की नाही याची खरी काळजी होती. रॉयलचं आयुष्य याच लोकांत गेलं. कव्हरला उभं कसं राहायचं, वाकायचं कधी, चेंडू उचलून एकाच हालचालीत कसा फेकायचा, हे शिकवणारा मास्तर त्या मुलांना रविवारी प्रार्थनाही सांगत होता. लेखाचा गाभा मला इथे दिसतो.

मजकूर कसा जमवायचा, हे माझ्या कामाच्या रीतीने सांगते. मी आधी तारखांचा एक लांब तक्ता करते. डावीकडे क्रिकेटचे सगळे सामने तारखेनिशी, उजवीकडे चर्च आणि शाळेतल्या नोंदी. सामन्यांच्या तारखा तुम्हाला सहज मिळतील. चर्चची बाजू क्रॉकफर्डच्या निर्देशिकेत मिळते. १८५८पासून निघणाऱ्या या निर्देशिकेत प्रत्येक दीक्षित माणसाची पदवी, डीकन कधी झाला, पूर्ण दीक्षा कधी आणि कोणत्या बिशपकडून, कुठे कुठे क्युरेट होता, हे सगळं दोन-चार ओळींत दिलेलं असतं. एकाच वर्षाची आवृत्ती बघून थांबू नका. दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन आवृत्त्या बघा, म्हणजे माणूस सरकताना दिसतो. ब्रेझनोज आणि रॉसल दोघांचेही माजी विद्यार्थ्यांचे छापील नोंदपट आहेत. दर दहा वर्षांच्या जनगणनेची पानं बघा. निवासी शाळेचं पान असेल तर मुख्याध्यापक, मास्तर, मेट्रन, स्वयंपाकीण आणि ओळीने मुलांची नावं, वय आणि जन्मगाव असं सगळं घर एका दृष्टीत दिसतं. रॉयलच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. माणूस स्वतःला आधी पाद्री म्हणवतो की आधी शिक्षक, हे तिथे कळतं. मृत्युपत्रांची राष्ट्रीय सूची १८५८पासून आहे, तीत मागे ठेवलेली मालमत्ता आणि व्यवस्था कोणाकडे गेली ते सापडतं.

तक्ता तयार झाला की दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचा. दीक्षेनंतरचे लँकशायरचे सामने बहुतेक जुलैअखेर ते ऑगस्टात आहेत का, हे तपासा. तसं असेल तर त्याचं क्रिकेट शाळेच्या सुट्टीने ठरवलं, चर्चने नाही, असं तुम्ही पुराव्याने लिहू शकाल. सामने कमी झाल्याचं कारणही मग शाळेच्या वेळापत्रकातच मिळेल. वर्तमानपत्रांतले स्थानिक सामनेही बघा. काउंटी क्रिकेट थांबल्यावर असे लोक गावच्या, शाळेच्या, माजी विद्यार्थ्यांच्या सामन्यांत वर्षानुवर्षं खेळत राहतात, आणि ते मोठ्या आकडेवारीत कुठेच येत नाही.

एक सापळा सांगून ठेवते. ‘कसोटी खेळलेला पाद्री’ असं रॉयलबद्दल लिहिलेलं तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल. मेलबर्नला तो खेळला तेव्हा तो दीक्षित नव्हता. दीक्षा घेतल्यावर कसोटी खेळलेला माणूस म्हणजे डेव्हिड शेपर्ड. केंब्रिजचा कप्तान, १९५५ साली दीक्षा, आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टरला, इंग्लंडच्या जिम लेकरने एकोणीस बळी घेतलेल्या त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११३. तो नंतर लिव्हरपूलचा बिशप झाला. धावफलकांच्या नंतरच्या छपाईत नावाआधी ‘रेव्हरंड’ मागाहून लावलेलं असतं, त्यामुळे हा घोळ होतो. मूळ सामन्याच्या वेळचं वर्तमानपत्र बघितलं की निस्तरतो. उलटा प्रकारही आढळतो. काही पाद्री आपलं क्रिकेट वरिष्ठांच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून टोपणनावाने खेळत, तेव्हा एखाद्या वर्षी नाव गायब झालं म्हणून खेळ थांबला असं लगेच मानू नका.

आपल्याकडचा एखादा धागा जोडायचा असेल तर हॅरिस पुरेसा आहे. दुसरा एक आहे, पण तो जरा लांबचा: पुण्यात ज्याला पालवणकर बाळू नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी टाकत, तो कॅप्टन ग्रेग. महूला जन्मलेला, युरोपियनांच्या संघाचा आधारस्तंभ, हॅम्पशायरकडूनही खेळलेला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर तो रोमन कॅथलिक पाद्री झाला. पण तो विद्यापीठातला नव्हे, दीक्षा घेतली तीही उतारवयात, आणि चर्च वेगळं. चौकटीत चार ओळी द्यायला हरकत नाही, रॉयलच्या गोष्टीत मात्र मिसळू नका.

थोडक्यात सांगायचं तर ‘का सोडलं’ हा प्रश्न बाजूला ठेवा, मेलबर्नचं पान छोटं ठेवा, स्टड लागलाच तर फरक दाखवण्यापुरता आणा, आणि जागा एल्स्ट्री व स्टॅनमोरला द्या. अंकाची मुदत जवळ असेल तर क्रॉकफर्ड आणि १८८१, १८९१च्या जनगणनेची पानं एवढ्यापासूनच सुरुवात करा. तक्ता झाला की इथेच टाका, मी तारखा पडताळून देईन.